व्होडकाचे उपयोग छापलेत, धोकेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत व्होडकाच्या घरगुती उपयोगांवरचा मजकूर वाचला. मी 31 वर्षं सोलापुरात ड्रेपरीचा व्यवसाय करते. नाटकं, स्नेहसंमेलनं, मिरवणुका यांना कपडे भाड्याने देते. आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही, पण दुकानात सहा वर्षांपासून व्होडका असते ती कपड्यांसाठी. म्हणून हे पत्र.

व्होडकाच्या फवाऱ्याने कपड्यांचा घामाचा वास जातो, हे तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली बाराबंदी सुती, धुऊन वाळत घातली की झालं. मखमली अंगरख्याचं तसं नाही. पाणी लागलं की मखमल बसते, जर काळवंडते. डिसेंबर-जानेवारीत एकच अंगरखा आठवड्यात चार शाळांत जाऊन येतो आणि चार पोरांचा घाम अस्तरात मुरतो. पूर्वी आम्ही तो उन्हात टाकायचो, उदाची धुरी द्यायचो. वास तेवढ्यापुरता दबायचा. पुढच्या पोराने अंगात घातला, अंगाची ऊब लागली, की पुन्हा वर यायचा. मग मुंबईच्या एका नाटकवाल्या बाईंनी व्होडका सांगितली. परदेशातल्या नाटकांच्या कपडेपटातही ही जुनी रीत आहे.

अंगरखा उलटा करायचा, काखेच्या आणि मानेच्या अस्तरावर बारीक फवारा मारायचा आणि पंख्याखाली टांगून ठेवायचा. कापड चिंब करायचं नाही. घामाला वास येतो तो जंतूंमुळे. अल्कोहोलने त्यातले बरेच मरतात, ते स्वतः उडून जातं आणि मागे वास उरत नाही. स्पिरिटचा स्वतःचाच वास राहतो, रमचा डाग पडतो, म्हणून व्होडका. घाम सुकून उमटलेल्या पांढऱ्या रेघा मात्र याने जात नाहीत. आणि आधी शिवणीच्या आत, न दिसणाऱ्या जागी फवारून पाहावं. एका लाल अस्तराचा रंग सुटून माझी चूक झालेली आहे.

आरसा पुसला जातो, बरणीवरच्या लेबलाचा गोंद निघतो, ठीक आहे. पण लाकडी फर्निचर व्होडकाने पुसा, हे कुणी लिहिलं? जुन्या लाकडाला लाखेचं पॉलिश असतं आणि लाख स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्येच विरघळवतात. माझ्या वडिलांच्या पेटीच्या झाकणावर फवाऱ्याचे थेंब उडाले, तिथे आजही पांढरट ठिपके आहेत. हात निर्जंतुक करायला सॅनिटायझरमध्ये निदान 60 टक्के अल्कोहोल लागतं. आपल्याकडच्या व्होडकाच्या बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ती त्या कामाला पुरत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. गेल्या एप्रिलात मी उरलेली व्होडका लिटरच्या पाण्याच्या बाटलीत ओतून इस्त्रीच्या टेबलाशेजारी ठेवली होती. दुपारचे दोन, बाहेर नुसती आग. सात वर्षांचा नातू खेळून आला आणि त्याने ती बाटली तोंडाला लावली. एक घोट गिळला, दुसरा थुंकला आणि घसा धरून ओरडायला लागला. आम्ही रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी त्याला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि पुन्हा पुन्हा बोटातून रक्त काढून साखर तपासली. लहान मुलांच्या पोटात दारू गेली तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. पोर सुखरूप घरी आलं, पण त्याचं ते टोचून लाल झालेलं बोट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि तुमच्या मजकुरात लिहिलंय, मुलाला ताप आला तर व्होडकाने अंग पुसा! संपादक महोदय, अल्कोहोल कातडीतूनही शरीरात जातं, वाफेतूनही जातं. लहान मुलांना त्याची विषबाधा होऊ शकते. आपल्या पूर्वभागात यंत्रमागावर, विड्यांवर दिवसभर राबणाऱ्या किती आया तुमचा पेपर वाचतात. दवाखान्याचे पैसे वाचतील म्हणून एखादीने हे खरंच करून पाहिलं तर?

आगीबद्दलही एक ओळ नाही. 40 टक्के अल्कोहोल असलेल्या द्रवाची वाफ 26 अंशांच्या आसपाससुद्धा ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो. गॅसजवळ, देवघरातल्या निरांजनाजवळ फवारा नकोच. कपडा पूर्ण वाळल्याशिवाय मी त्याला इस्त्री लावू देत नाही.

शिवाय महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला आणि जवळ बाळगायला परवाना लागतो, आणि व्होडकासाठी वयाची 25 वर्षं पूर्ण असावी लागतात. तेही लिहायला हवं होतं.

आता आमची बाटली तिच्या मूळ लेबलासकट लोखंडी कपाटात असते आणि किल्ली माझ्या कमरेला. पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, तापाची सूचना चुकीची होती हे छापावं आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, हेही सांगावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक ड्रेपरीवाली वाचक, सोलापूर