चारही चाकं ओढतात, तेव्हा नाक खालीच हवं

महोदय,

ड्रॅग रेसिंगवरच्या, म्हणजे उभ्या गाडीने सरळ रेषेत सुसाट सुटण्याच्या शर्यतीवरच्या, लेखांत रिअर-व्हील-ड्राइव्ह (फक्त मागच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाडीचे ठोकताळे ऑल-व्हील-ड्राइव्हलाही (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीलाही) सर्रास लावले जातात. ते चुकीचं आहे. रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीचं वजन सुटताना मागे गेलं तर पकड वाढते. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये मात्र त्याने पुढचे टायर हलके होऊन जागीच फिरतात. म्हणून मागच्या स्प्रिंगा कडक हव्यात, मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं कॉम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) आणि पुढच्याचं रिबाउंड (परत लांबताना होणारा विरोध) वाढवायला हवं. पण रिबाउंड शॉकवरच्या खटक्याच्या एकेक-दोन क्लिकनेच वाढवावं आणि दर वेळी सुटतानाचा व्हिडिओ बाजूने घेऊन संथ गतीत पाहावा. ते अति झालं, तर वर जाणारी बॉडी पुढची चाकंही सोबत ओढते आणि होती ती पकडही जाते.

अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळवणी) चालकाच्या वजनासह करावी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण सुटताना होते तशा, नाक थोडं उचललेल्या आणि मागची बाजू बसलेल्या उंचीवर टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) पुन्हा मोजायला हवा, तो कोणी मोजत नाही! उभ्या गाडीत शून्य असलेला टो तिथे बदललेला सापडतो. कॅम्बरही (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) त्याच उंचीवर शून्याजवळ हवा.

चाकं थडथड उडत असतील, तर शॉकला हात लावण्याआधी कंट्रोल आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, तपासावेत.

आपला,
एक वाचक