ठेंगण्या स्टुलावर बसलेल्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

काल आई तलावपाळीच्या कडेकडेने चालत कौपिनेश्वराचे दर्शन घेऊन आली आणि दारात चप्पल काढता काढता "डॉक्टरांना कळव हो" एवढेच म्हणाली, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे येण्यापूर्वीचे सात आठवडे अजून मनातून जात नाहीत. नौपाड्यातल्या आमच्या घरी बादली उचलताना तिच्या पाठीत कळ आली. ती पडली नव्हती, कुठे मारही लागला नव्हता, त्यामुळे मणका मोडला असेल अशी शंकाही आम्हांला आली नाही. पहिल्या डॉक्टरांनी "वय झालंय" म्हणत मलम आणि पट्टा दिला. दुसरीकडे तिला हातही न लावता, नुसती फिल्म उजेडात धरून, स्क्रू आणि रॉड घालावे लागतील असे सांगण्यात आले, आणि तेही मला. जिची पाठ दुखत होती ती बाजूच्या बाकावर खाली मान घालून बसली होती. हाडे ठिसूळ झाली की मणका नुसत्या वाकण्याने, कधी शिंकेनेही खचू शकतो, हे आपण सांगितलेत तेव्हा आम्हांला कळले.

आई तेव्हा इतकी वाकली होती की समोरच्याचा चेहरा पाहायला मान उचलली तरी कळ यायची. "मी डॉक्टरांचे बूट तेवढे ओळखते," असे ती म्हणायची. आपण खुर्चीवरून उठलात, पलंगावर चढण्यासाठी ठेवलेले ठेंगणे स्टूल ओढलेत, त्यावर बसून तिच्या डोळ्यांत पाहिलेत आणि विचारलेत, "काकू, रात्री कुशीवर वळताना जास्त दुखतं का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले, तेव्हा हाताने मला थांबवलेत. त्या क्षणी थोडा रागच आला, खोटे कशाला सांगू! पण आई बोलू लागली आणि दहा मिनिटे बोलतच राहिली. एवढ्या साध्या माणुसकीलाही आम्ही पारखे झालो होतो.

सुईतून मणक्यात सिमेंट भरण्याचा उपाय सांगताना, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत तो लुटुपुटीच्या, म्हणजे सिमेंट न भरताच केलेल्या, शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरला नव्हता, हेही आपणच सांगितलेत. आपल्याच मालातली खोट गिऱ्हाइकाला दाखवणारा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही. एमआरआयमध्ये बाराव्या मणक्याची सूज अजून दिसत होती आणि आईला जेवायलाही बसवत नव्हते, म्हणून आपण तो मार्ग घेतलात. "सिमेंट हा एक मणका सावरेल, बाकीची हाडे नाही," असे बजावून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही करवलीत, उणे २.५ लाच ठिसूळपणा मानतात, तिचा आकडा उणे ३.४ निघाला. हाडे बळकट करणारे टेरिपॅराटाइडचे इंजेक्शन आता ती रोज स्वतः टोचून घेते आणि बादली अर्धीच भरते.

तिचा एक निरोप आहे: ते स्टूल डुगडुगते, त्याच्या पायांना रबर बसवून घ्यावे.

आपली कृतज्ञ,
काकूंची मुलगी
नौपाडा, ठाणे