नाताळच्या फराळाबाबत सभासदांना सूचना
सर्व सभासद भगिनींना कळविण्यात येते की, यंदा नाताळचा फराळ एकत्र करावयाचा असून मैदा, गूळ व तेल घाऊक दराने आणावयाचे असल्याने प्रत्येकीने आपली मागणी १५ डिसेंबरपूर्वी नोंदवावी. नारळ मात्र ज्यांच्या परसात माड आहेत त्यांनी घरचेच आणावेत; विकत घेण्यात काही हशील नाही. दोदोलसाठी (तांदळाचे पीठ, गूळ व नारळाचा रस आटवून केलेली मिठाई) नारळाचा रस काढल्यावर उरणारा चोथा टाकू नये, तो मंद आचेवर भाजून लसूण-मिरचीसह वाटल्यास सुकी चटणी होते. दोदोल आटवताना ढवळणे थांबले की तो तळाला लागतो, म्हणून त्या कामासाठी घरच्या पुरुषमंडळींनाही आणावे. कुलकुल (मैद्याचे शिंपल्यासारखे वळलेले, तळलेले गोड पदार्थ) वळताना त्यांवर रेषा उमटवण्यासाठी नवा, स्वच्छ कंगवा किंवा जेवणाचा काटा सोबत असावा. सुटीतल्या मुलांना हे काम छान जमते (खाण्याचे तर विचारूच नये).