गुरुवारी येणाऱ्या त्या दोघींबद्दल

ती. आई आणि बाबा,
सा. न.

गेटवरच्या काकांना मी काल फोन करून सांगितलं, गुरुवारी दुपारी आईला बायबल शिकवायला येणाऱ्या, यहोवाच्या साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या त्या दोघींना अडवू नका. दादालाही सांगून टाकलंय. तो चिडलाय, चार दिवस चिडेल, मग वहिनी समजावतील. बाबा, तुम्हालाही हे आवडणार नाही, म्हणूनच लिहितेय. फोनवर तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता आणि सगळं राहून जातं.

तुम्ही दोघं तिथे, मी इतक्या लांब, आणि तरी इथून हुकूम सोडतेय, हे मला कळतं. पण माणसं धर्म का बदलतात, हाच विषय मी इतकी वर्षं शिकवते. निदान या एका बाबतीत माझं ऐका.

आधी तुमची भीती, बाबा. आईला कोणी भुलवेल, एक दिवस देव्हारा बांधून माळ्यावर जाईल. यहोवाच्या साक्षीदारांचा स्वतःचाच हिशोब बघा. २०२३ च्या वार्षिक अहवालात त्यांनी जगभरात प्रचाराला दिलेले तास सुमारे १७९ कोटी भरतात, आणि त्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेले लोक सुमारे २ लाख ७० हजार. म्हणजे एका माणसामागे साडेसहा हजारांहून जास्त तास. त्यातही बरेच जण साक्षीदारांच्याच घरात वाढलेली मुलं असतात. (तेव्हा प्रत्येक प्रचारकाला तासांची नोंद द्यावी लागे. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून सर्वसाधारण प्रचारकांना ती माफ झाली.) अनोळखी दारावरची बेल वाजवून धर्म बदलत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकांच्या १९७६-७७ च्या नोंदी रॉडनी स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज या समाजशास्त्रज्ञांनी तपासल्या. दारोदार फिरून हजारात एखादा मिळाला होता. तेच प्रचारक एखाद्या मॉर्मन मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या घरी भेटले, तेव्हा जवळजवळ निम्मे लोक पंथात आले. प्रचारक तेच, शिकवणही तीच.

स्टार्कनेच जॉन लॉफलंडबरोबर १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एका छोट्या नव्या पंथाचा माग काढला होता. ज्यांची पंथातल्या माणसांशी गट्टी जमली आणि बाहेरच्यांशी नाती विरळ झाली, ते आत गेले. ज्यांची घरची नाती घट्ट होती, ते शिकवण आवडूनही बाहेर राहिले. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. आत गेलेली माणसं नंतर सांगायची की आम्हाला शिकवण पटली म्हणून आलो. पण या दोघांनी त्यांना आधीपासून पाहिलं होतं, आणि तेव्हा त्याच माणसांना ती शिकवण विचित्र वाटत होती. आधी माणूस जवळचा झाला, मग त्याचं म्हणणं पटायला लागलं.

आता सांगा, गेटवर अडवलं असतं तर काय झालं असतं? आईचं त्या दोघींशी नातं आणखी घट्ट झालं असतं आणि आपल्याशी बोलणं कमी. ती त्यांना भाजी मंडईत भेटली असती आणि तुम्हाला सांगितलं नसतं. आज ती सगळं सांगते. ते टिकवायचंय, म्हणून मी काकांना फोन केला.

आणि तुमची ती मुद्द्यांची वही कपाटात ठेवा. पोथ्यांतले उतारे, बायबलमधल्या विसंगती, सगळं तुम्ही कष्टाने काढलंय, मला माहीत आहे. पण वादाने हे सुटत नाही. वेदोक्त धर्माचा प्रचार करणाऱ्या विष्णुबुवा ब्रह्मचारींनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी जानेवारीपासून मेपर्यंत जाहीर वाद घातला. बुवांसारखा वाद घालणारा मिळणं कठीण. पाद्री ख्रिस्तीच राहिले, बुवा वेदोक्त धर्मातच राहिले, आणि दोन्ही बाजूंची हकीकत पुढे छापून आली. वादात माणूस बचावाला उभा राहतो आणि आधी अर्धवट मानत होता ते पूर्ण मानायला लागतो. आईशी हे करू नका. राष्ट्रगीताचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे, साक्षीदार ते गात नाहीत. पण केरळातली साक्षीदारांची तीन मुलं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, फक्त गात नसत, म्हणून शाळेने काढली, तेव्हा १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. त्याला देशद्रोह म्हणून आईसमोर बोलू नका.

आपण नगरचे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आपल्या गावात आहे. इथे कोण ख्रिस्ती झालं आणि का, हे लोकांनी "पोटासाठी झाले" म्हणून एका वाक्यात संपवलंय, ते मला कधीच पटलेलं नाही. दुष्काळात पोटासाठी आलेले होतेच. पण पोट भरल्यावरही राहिलेले होते. ज्या महार-मांग घरांना गावात विहिरीपाशी उभं राहता येत नव्हतं, त्यांच्या मुलांना शाळेत एका सतरंजीवर बसवलं गेलं. मग सोयरे आले, सोयऱ्यांचे सोयरे आले. जोतिरावांचं उलटं झालं. ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांच्या कामाबद्दल त्यांना आदर होता, पण ख्रिस्ती झाले नाहीत, १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितल्यावर ख्रिस्ती, मुसलमान, शीख, सगळ्यांनी त्यांच्याकडे धाव घेतली. ते २१ वर्षं वाचत राहिले, आणि १९५६ साली नागपूरला बुद्ध धम्म घेतला. बोलावणारे बोलावतात. जाणारा स्वतःच्या गरजेने आणि स्वतःच्या बुद्धीने जातो किंवा जात नाही. आईला स्वतःची बुद्धी आहे हे आपण तिघंही अधूनमधून विसरतो.

आई, आता तुझ्याशी.

सुलूमावशी गेल्यापासून तुझ्या दुपारी रिकाम्या झाल्या. तू म्हणत नाहीस, पण मला दिसतं. मावशी आता कुठे असेल, हा प्रश्न तू मला दोनदा विचारलास आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. त्या दोघींनी उत्तर दिलं. मेलेला माणूस झोपल्यासारखा असतो, त्याला काही जाणवत नाही, नरक वगैरे काही नाही, आणि पुढे याच पृथ्वीवर तो पुन्हा उठेल, असं ते मानतात. शेवटचे तीन महिने मावशीने जे सोसलं, ते तू जवळून पाहिलंस. तिला आता काही दुखत नाही, हे कोणी ठामपणे सांगितलं तर ते ऐकावंसं वाटणारच. यात बावळटपणा काहीच नाही.

शिवाय त्यांची पद्धत चांगली आहे. एक परिच्छेद वाचायचा, खाली छापलेला प्रश्न विचारायचा, उत्तर तू तुझ्या शब्दांत द्यायचं. तासभर कोणीतरी तुझं म्हणणं विचारतं, थांबून ऐकतं, आणि पुढच्या गुरुवारी मागच्या गुरुवारचं लक्षात ठेवून येतं. पैसे मागत नाहीत. उन्हातान्हात चालत येतात. माणूस ज्यासाठी झिजतो, त्यावर त्याचा खरा विश्वास असेल असं पाहणाऱ्याला वाटतंच. अप्पा वारीला चालत जायचे ते तू लहानपणी पाहिलंस, म्हणून विठोबा तुला कोणी वेगळा शिकवावा लागला नाही. मी अंधाराला घाबरायचे तेव्हा तू हरिपाठ म्हणत थोपटायचीस. मला अजून दिवा बंद केल्यावर तोच आवाज ऐकू येतो. तो आवाज तुझ्यातून कोणी काढून घेईल असं मला वाटत नाही. कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हाही तुकोबांना सोडून गेले नाहीत. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत, आणि पुढेही अभंगच लिहीत राहिले. त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, मात्र पाच वर्षं घेतली, १९०० पर्यंत. नवऱ्याने घेतला म्हणून त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. तूही बाबांना नको म्हणून सोडू नकोस आणि त्या दोघींना वाईट वाटेल म्हणून पुढे जाऊ नकोस.

पण काही गोष्टी त्या पहिल्या काही भेटींत सांगणार नाहीत. लपवायच्या म्हणून नव्हे, पाठ त्या क्रमानेच लावलेले असतात. अभ्यासानंतर राज्य सभागृहातल्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळातल्या, सभांना बोलावणं येईल. पुढे तुला स्वतः प्रचाराला जायला सुचवतील. त्यानंतर मंडळीतले वडील, म्हणजे तिथले प्रमुख, तुझ्याबरोबर बसून प्रश्नोत्तरं करतील आणि मग पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. याला महिने जातात, कधी वर्षं. बाप्तिस्म्यानंतर गणपती नाही, हळदीकुंकू नाही, मावशीचं श्राद्ध नाही, चिनूचा वाढदिवससुद्धा नाही. आणि बाप्तिस्मा घेतलेला कोणी पुढे मंडळीबाहेर काढला गेला, तर बाकीचे साक्षीदार त्याच्याशी पहिल्यासारखं नातं ठेवत नाहीत, मग ते त्याचे नातेवाईक का असेनात. आत जायला वेळ लागतो आणि बाहेर पडायला माणसं गमवावी लागतात. अभ्यास करणाऱ्यावर यातलं काही बंधनकारक नाही, बाप्तिस्मा घेतल्यावर आहे. म्हणून पुढच्या गुरुवारी सरळ विचार: आमच्या घरचे सण मी करू का? मंडळी सोडली तर तुम्ही मला भेटायला याल का? त्या खोटं बोलणार नाहीत. उत्तर शांतपणे ऐक आणि मग मला फोन कर. रात्री कितीही वाजू देत.

आता तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. यात मी ऐकणार नाही.

१९४५ पासून त्यांची शिकवण आहे की रक्त घ्यायचं नाही. पूर्ण रक्त, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा, काहीच नाही. त्यातून वेगळे काढलेले अंश, उदाहरणार्थ अल्ब्युमिन, ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोडलेत. बाप्तिस्मा घेतलेले लोक रक्त नको असं कार्ड खिशात ठेवतात. तुला कोणी असं कार्ड दिलं तर ऑपरेशन होईपर्यंत सही करायची नाही. गुडघा बदलताना आजकाल रक्त चढवायची वेळ फारशी येत नाही. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडचं इंजेक्शन देतात, त्याने रक्तस्राव कमी होतो. पण ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, त्यांच्यावरच ती वेळ जास्त येते, आणि तुझं १०.६ आहे. बायकांचं १२ च्या खाली गेलं की अॅनिमिया धरतात. ऑपरेशनला सहा आठवडे आहेत, तेवढ्यात बरंच भरून काढता येतं. मात्र गोळी नीट घ्यायला हवी.

लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही. चहाच्या आधी-नंतर दोन तासांचं अंतर. तुझा चारचा चहा मी बंद करत नाहीये, घाबरू नकोस. गोळी अकराला घे, लिंबूपाण्याबरोबर. थायरॉईडची सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियमची रात्री जेवणानंतर, तिन्ही एकत्र नाहीत. पोट बिघडलं तर डॉक्टरांना विचारून दिवसाआड घे, तसंही चालतं. शौच काळं होईल, ते गोळीमुळे. पण डांबरासारखं चिकट, काळं आणि घाण वास येणारं झालं तर त्याच दिवशी दाखव. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलंय का ते डॉक्टरांना विचारा. बाबा, तुम्ही विचारा, आई लाजेल.

बाबा, अजून दोन कामं. आईच्या फाईलमध्ये सगळ्यात वर एक कागद लावा: रक्तगट, चालू औषधं, आणि गरज पडल्यास रक्त घ्यायला संमती, आईच्या सहीने. तिला विचारूनच, तिच्यावर लादून नाही. ती नको म्हणाली तर आधी मला सांगा. तिच्याशी त्यावर भांडू नका, मी बोलेन. दुसरं, गुरुवारी त्या आल्या की तुम्ही खोलीत दार लावून बसता. ते बंद करा. बाहेर या, पाणी विचारा, बसायचं नसेल तर निदान पेपर वाचत तिथेच बसा. बोलू नका, पण असा. आई तुम्हाला कधी म्हणणार नाही, पण तिला तुमचं तिथे असणं हवंय.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घाला, उन्हाळा लागलाय. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना मी सांगितलंय, ऑपरेशननंतर पहिले पंधरा दिवस त्या दुपारी येऊन बसतील. कमोडची उंच सीट आणि वॉकर मी ऑनलाइन मागवलेत, पार्सल आलं की न उघडता ठेवा, दादा बसवून देईल. त्याच्यावर रागावू नका. त्यालाही काळजीच वाटते, फक्त तो ती ओरडून दाखवतो.

मी ऑपरेशनच्या चार दिवस आधी येतेय, तिकीट काढलंय. तोवर दर रविवारी लोहाच्या गोळ्या मोजून मला फोटो पाठवा.

तुमची,
मनू