मुरगाबच्या ४८ किलोमीटर अलीकडे

प्रिय बाइके,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या किर्गिझ भाषेत थोरल्या भावाला बाइके म्हणतात हे मला तुमच्या मुलीनं शिकवलं, म्हणून तीच हाक मारते. नाव लिहीत नाही. सगळ्यांसमोर लिहिलेल्या पत्रात ते घालू का, हे तुम्हाला विचारता आलेलं नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये ताजिकिस्तानातल्या पामीरमध्ये, अक-बैताल खिंडीच्या उतारावर, रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून बसलेली भारतातली बाई तुम्हाला आठवत असेल. आपल्या दोघांना मिळून तेव्हा वीस-पंचवीस शब्द येत होते आणि त्यांत आभाराचा एकच होता, रहमत. तो मी इतक्यांदा म्हटला की शेवटी तुम्ही हातानंच 'पुरे' केलंत. माझ्या मनातलं बरंच सांगायचं राहून गेलं. ते आज माझ्या भाषेत सांगते.

आधी त्या चाकाचं सांगते, कारण तेव्हा ते नुसत्या हातवाऱ्यांवर निभावलं होतं. किर्गिझस्तानातल्या ओशहून ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेपर्यंत, सुमारे १२५० किलोमीटर, एकटीनं सायकलवर जायचं ठरवून मी निघाले होते. सायकल आणि सामान मिळून ४५ किलो. किझिल-आर्तच्या ४,२८० मीटर उंच खिंडीतून ताजिकिस्तानात शिरले. काराकुलला डोकं ठणकायला लागलं, म्हणून एक अख्खा दिवस सरोवराकाठी पडून काढला. अक-बैतालच्या माथ्याआधीचे दोन-तीन किलोमीटर सायकल ढकलत गेले. ती खिंड ४,६५५ मीटरवर आहे. समुद्रसपाटीला छातीत जितकी हवा जाते त्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त तिथे मिळते. वीस पावलं टाकायची, हँडलवर कपाळ टेकून उभं राहायचं, पुन्हा वीस पावलं. माथा आला तेव्हा वाटलं, सुटले. आता मुरगाबपर्यंत, तुमच्या गावापर्यंत, उतारच उतार.

घात उतारानंच केला. सोव्हिएत राजवटीत, १९३० च्या दशकात, ट्रकांसाठी बांधलेला तो रस्ता आता कित्येक ठिकाणी पन्हळी पत्रा अंथरल्यासारखा झाला आहे. तुमची जीप त्यावरून उडत जाते. लादलेली सायकल मात्र प्रत्येक पन्हळ मागच्या चाकावर झेलते. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे आरे दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त ताणलेले असतात, कारण गिअरच्या चकत्यांना जागा करून देताना चाकाचा तोल एका अंगाला घ्यावा लागतो. तुटायचे तर तेच तुटतात, तेही चाकाच्या मध्याशी, हबपाशी, आरा जिथे वाकवलेला असतो तिथेच. एक गेला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो. पहिला तुटल्याचा आवाज मी ऐकला होता, पण त्या वाऱ्यात मला वाटलं, खडा उडाला. थांबले तेव्हा तीन आरे गेले होते आणि रिम फ्रेमला घासत होती.

सुटे आरे माझ्याजवळ सहा होते. पण त्या बाजूला आरा घालायचा तर आधी कॅसेट, म्हणजे गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा, काढावी लागते, आणि ती काढताना अडवून धरायला चेन व्हिप, म्हणजे चेनचा तुकडा लावलेली पट्टी, लागते. वजन वाचवायला मी तीच घरी ठेवली होती.

तुमच्या आधी दोन गाड्या थांबल्या होत्या. दोन्हींतली माणसं भली होती. एकानं तर सायकल टपावर बांधायला दोर काढला आणि थेट खोरोगला सोडतो म्हणाला, मुरगाबच्याही पुढे तीनशे किलोमीटर. मी नको म्हटलं. एकट्या बाईला तशा जागी सोडून जाणं त्यांना किती जड गेलं असेल हे मला आज जास्त कळतं. पण नऊ दिवस एकटीनं प्रवास करताना थांबणारी प्रत्येक गाडी मला तोलून पाहावी लागत होती.

मग तुमची जुनी रशियन जीप आली. तुम्ही तीसेक पावलं पुढे जाऊन गाडी उभी केलीत, इंजिन बंद केलंत आणि बाहेर येऊन बॉनेटला टेकून उभे राहिलात. माझ्याकडे आली ती तुमची मुलगी, एका हातात थर्मास आणि दुसऱ्या हातात पियाला घेऊन. मी चहा संपवेपर्यंत तुम्ही जागचे हलला नाहीत. पहिला रहमत त्या तीस पावलांसाठी. एकट्या बाईजवळ कसं जावं हे तुम्ही कुठे शिकलात ते ठाऊक नाही. मी कितीतरी देशांत सायकल चालवली आहे, फार थोड्यांना ते जमतं.

नंतर तुम्ही धुळीत बोटानं एक लांब रेघ ओढलीत. एका टोकाला ओश, दुसऱ्या टोकाला दुशान्बे, मध्ये मुरगाब. रेघेकडे बोट दाखवलंत, सायकलकडे दाखवलंत, भुवया उंचावल्यात. मी ओशवर बोट ठेवलं आणि कुठेही न उचलता दुशान्बेपर्यंत फिरवलं. तुम्ही त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिलात. मग मुलीला काहीतरी सांगितलंत आणि ती पळत जाऊन दगड गोळा करायला लागली. मला वाटलं, लेकरू खेळतंय. तीन चपटे दगड एकावर एक, वर एक पांढरा उभट. झाल्यावर तिनं माझ्या सायकलवरच्या मीटरचा किलोमीटरचा आकडा पाहिला आणि पेनानं तळहातावर लिहून घेतला. तेव्हाही मला उमगलं नव्हतं.

मग सायकल जीपमध्ये घालून तुम्ही मला मुरगाबला नेलंत. तिथला दुसरा दिवस मला जसाच्या तसा आठवतो. बाजार म्हणजे जुन्या लोखंडी कंटेनरांच्या रांगा. त्यातल्या एकात तुमच्या ओळखीच्या माणसाचा शिकंजा होता. चेन व्हिप तिथेही नव्हती, म्हणून तुम्ही एका लहान मुलाच्या मोडक्या सायकलची चेन हातभर कापलीत, लोखंडी पट्टीला दोन बोल्टांनी ठोकलीत आणि दहा मिनिटांत व्हिप तयार केलीत. चकत्या अडवणारी लॉकरिंग सुटली, पण चकत्या ज्यावर बसतात त्या फ्री-हबच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसल्या होत्या. तुम्ही लाकडाचा ठोकळा लावून हलक्या हातानं ठोकत त्या सोडवल्यात.

आणि मग मागे सरलात. तोवर सात-आठ माणसं जमली होती. दोघांनी माझ्या हातातली आऱ्याची चावी घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तुम्ही त्यांना एकच शब्द बोललात आणि ते थांबले. आरे मी घातले. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, मी काढला, ब्रेकच्या रबराचा अंदाज घेत घेत, पाव-पाव फेरा पिळत. माझा हात सराईत नाही, दुपार त्यातच गेली. तुम्ही ते पंधरा मिनिटांत केलं असतंत, हे मला दिसत होतं. बाजूला पिंपावर बसून तुम्ही फक्त चाक फिरलं की बघत होतात, आणि चुकीच्या बाजूला पिळलं तर घसा खाकरत होतात. दुसरा रहमत त्या पिंपावर बसून राहण्यासाठी. पुढच्या आठ-नऊशे किलोमीटरांत कुठे आरा तुटला असता तर तिथे तुम्ही नसता, मी असते, हे तुम्ही माझ्याआधी ओळखलं होतंत.

एजेलाही (थोरल्या बहिणीला तुम्ही अशीच हाक मारता ना) माझा नमस्कार सांगा. तेरेस्केनच्या काटक्यांवर तिनं केलेला मीठ घातलेला दुधाचा चहा पहिल्या घोटाला अनोळखी लागला आणि चौथ्या पियाल्याला हवाहवासा झाला. झाड नावाला नाही अशा त्या पठारावर ती झुडपं मुळासकट उपटून आणावी लागतात, आणि तिनं माझ्यासाठी अंघोळीचंही पाणी तापवलं. मी नान चुकून उलटा ठेवला तेव्हा तिनं काही न बोलता तो सुलटा केला. त्यानंतर मी जिथे जाते तिथे भाकरी-पोळीसुद्धा बघून ठेवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सामान लादून पुढे अलिचुरकडे निघायच्या तयारीत होते. मनात टोचणी होती, पण आधीच इतकं घेतल्यावर आणखी मागायचं कसं? शिवाय उताराचे ४८ किलोमीटर, कोण विचारणार होतं? तुम्ही आलात, सायकल उचलून जीपच्या मागे ठेवलीत आणि खिंडीच्या दिशेनं हात केलात. तिकडे काम आहे म्हणालात. मुलगी आधीच पुढच्या सीटवर बसली होती. तासाभरानं रस्त्याकडेला पांढरा उभट दगड दिसला, तेव्हा मला रडू आवरेना आणि तुम्ही सभ्यपणे चीनच्या सीमेच्या काटेरी कुंपणाकडे बघत राहिलात.

तुमचं तिथे काहीही काम नव्हतं, बाइके. सायकल उतरवून तुम्ही गाडी तिथेच वळवलीत.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतलेत याचंही मला बरं वाटलं. मुरगाबमध्ये पेट्रोल स्वस्त नाही, आणि ते नाकारलं असतंत तर मी ओझं घेऊन निघाले असते. त्यावरचे सोमोनी, म्हणजे तुमच्याकडचे पैसे, मात्र तुम्ही माझ्या मुठीत परत दाबलेत.

मला आजवर वाटेत मदत करणारी माणसं खूप भेटली आणि त्यांच्याशिवाय माझा एकही प्रवास पुरा झाला नसता. बहुतेकांनी मला पुढे पोचवलं. मागे, मी जिथे थांबले होते तिथे, नेऊन सोडणारे तुम्ही एकटेच. धुळीतली न तुटलेली रेघ माझ्यासाठी काय आहे, हे मला माझ्या घरच्यांनाही नीट समजावता आलेलं नाही. तुम्ही ती एकदा पाहिलीत आणि शंभर किलोमीटर जीप चालवलीत.

पुढचं थोडक्यात. अलिचुर, खोरोग, मग कित्येक दिवस पंज नदीच्या काठानं, पलीकडे अफगाणिस्तानातली गावं इतकी जवळ की शेतातल्या माणसांनी हलवलेले हात दिसायचे. दुशान्बेला पोचले तेव्हा मागच्या चाकाचे बत्तीसच्या बत्तीस आरे शाबूत होते. तेच चाक मी अजून वापरते. लोखंडी पट्टीची ती व्हिप तुम्ही माझ्या पिशवीत घातली होतीत. जड आहे, पण आता ती मी मागे ठेवत नाही.

मुलीला एक विचारा, तिला त्या दिवसाची संध्याकाळ आठवते का. समोरून वारा होता, उतार असूनही मला मुरगाबला पोचायला साडेचार वाजले. चौकीच्या अलीकडे ती एकटी दगडावर बसली होती. मी थांबल्यावर तिनं तळहात उघडला, सायकलवरचा आकडा पाहिला, तळहातावरचा पुसट झालेला आकडा पाहिला, ओठ हलवत वजाबाकी केली आणि म्हणाली, "बोल्दू." झालं. मग हँडल माझ्या हातातून घेऊन ती सायकल घराकडे ढकलत न्यायला लागली.

तुमची धाकटी बहीण,
सायकलवाली