सांभाळणाऱ्या माणसांसाठी आठवड्यातले चार तास : एक आवाहन

सप्रेम नमस्कार.

दुर्गम वस्त्यांमध्ये स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजेच डिमेन्शियाच्या रुग्णांना घरीच सांभाळणाऱ्या माणसांना आधार देण्याचे काम आमची समिती करते. त्या कामासाठी आपला वेळ, पैसा आणि काही वस्तू मागण्यासाठी हे आवाहन आहे. या तिन्हींमध्ये वेळ आम्ही मुद्दाम पहिला लिहिला आहे.

गावात या आजाराला बहुधा नावच नसते. ‘वय झालं’, ‘विसरायला लागलेत’, ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असे म्हणून विषय संपतो आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ येईपर्यंत दोन-तीन वर्षे निघून जातात. वास्तविक डिमेन्शिया म्हणजे म्हातारपण नव्हे. तो मेंदूच्या आजारांमुळे होतो, आणि त्यांतला अल्झायमर हा 60 ते 70 टक्के रुग्णांमध्ये आढळतो. थायरॉइडचा बिघाड, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही माणूस अगदी तसाच वागू लागतो आणि ही कारणे उपचाराने आटोक्यात येऊ शकतात, म्हणून एकदा नीट तपासणी होणे फार महत्त्वाचे असते. मात्र अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. त्यामुळे निदान झाल्यावरही सारी भिस्त असते ती रोजच्या देखभालीवर, म्हणजे घरातल्या एखाद्याच माणसावर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात सुमारे 5 कोटी 70 लाख लोकांना डिमेन्शिया होता आणि त्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते. घरची माणसे आणि आप्त अशा रुग्णासाठी दिवसाला सरासरी पाच तास देतात, आणि देखभालीच्या एकूण तासांपैकी 70 टक्के तास स्त्रियांच्या वाट्याला येतात, असेही ही संघटना सांगते. जिथे शेजारचे घर हाकेच्या अंतरावर नाही, दवाखाना गाठायला अख्खा दिवस मोडतो आणि तरणी माणसे कामासाठी बाहेर गेलेली असतात, तिथे मात्र पाच तासांचा हा हिशेब लागू पडत नाही, असा आमचा अनुभव आहे. तिथे सांभाळणाऱ्या बाईला दुसरी पाळी घेणारे कोणीच नसते.

आम्ही भेट दिलेल्या एका घरात सासूबाई रात्री उठून दाराची कडी काढत आणि अंधारात चालू लागत. सून त्यांच्या खाटेजवळ जमिनीवर झोपे, आणि झोपण्यापूर्वी एका सुतळीचे एक टोक खाटेच्या पायातून ओवून दाराच्या कडीला व दुसरे स्वतःच्या मनगटाला बांधे. कडी हलली की हाताला हिसका बसे आणि ती जागी होई. मनगटावर त्या सुतळीचा वळ कायमचा उठला होता. आमची कार्यकर्ती पहिल्यांदा तिच्या घरी थांबायला गेली, तेव्हा ‘तुम्ही मोकळ्या आहात, कुठे जायचे तर जाऊन या’ असे तिला सांगितले. ती कुठेच गेली नाही. आतल्या खोलीत जाऊन ती तीन तास झोपली. त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही दाराला एक जास्तीची कडी नेहमीच्या जागेपेक्षा बरीच खाली बसवून दिली, कारण या आजारातल्या माणसाचे लक्ष सहसा अनोळखी जागच्या कडीकडे जात नाही. मात्र घरात जागे आणि सावध माणूस असेल तेव्हाच ती लावायची, हेही बजावून सांगितले.

अशा उसंतीसाठी आम्हाला माणसे हवी आहेत. प्रत्येक स्वयंसेवकाने एक घर घ्यावे, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी तिथे जावे आणि चार तास रुग्णाजवळ थांबावे, एवढीच अपेक्षा आहे. वार आणि वेळ पाळण्याबाबत मात्र आम्ही आग्रही आहोत, कारण ‘जमेल तेव्हा येईन’ या शब्दावर सांभाळणारीला स्वतःची तपासणी, बँकेचे काम किंवा बहिणीची भेट ठरवता येत नाही. यासाठी वैद्यकीय शिक्षणाची गरज नाही. गोव्यात झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थानिक पातळीवर प्रशिक्षण दिलेल्या सल्लागारांनी घरोघरी जाऊन सल्ला आणि आधार दिला, तेव्हा सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे दिसले होते.

प्रशिक्षण आम्ही देऊ. स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणणाऱ्या आजोबांना ‘हेच तुमचं घर’ असे पुन्हा पुन्हा पटवत बसल्याने त्यांची घालमेल वाढते. त्याऐवजी ‘घरी कोण कोण आहे?’ असे विचारले तर ते बोलू लागतात आणि बोलता बोलता शांत होतात. माणूस एकाएकी, दोन दिवसांत, फारच गोंधळू लागला तर ‘आजार वाढला’ असे धरून न चालता लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, अंगातले पाणी कमी होणे किंवा सांगता न येणारे दुखणे यांचा संशय घ्यावा आणि त्वरित डॉक्टरांना दाखवावे. अशा गोष्टी सवयीने जमतात, आणि त्या एका घरात रुजल्या की पुढच्या घरी आपसूक पोहोचतात.

आर्थिक मदतीचा मोठा भाग स्वयंसेवकांच्या प्रवासखर्चासाठी लागतो, कारण लांबच्या वस्त्यांवर जाणे हाच या कामातला सर्वांत खर्चिक भाग आहे. उरलेल्या रकमेतून प्रशिक्षण, तपासणीसाठी रुग्णाला नेण्याचे वाहन आणि प्रौढांचे डायपर यांची सोय होते. घरात वापराविना पडलेला वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, रबरी चादर किंवा धुतलेल्या सुती चादरी असतील तर त्याही अवश्य द्याव्यात. औषधे मात्र देऊ नयेत. रुग्णाची औषधे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायची असतात. प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल, आणि जमाखर्च कोणत्याही देणगीदाराला मागितल्यास पाहता येईल.

एक विनंती स्पष्टच करतो. मदत पोहोचल्याचा पुरावा म्हणून रुग्णाची किंवा त्याच्या घराची छायाचित्रे कृपया मागू नयेत. ज्या माणसाला आपली मुलगीही ओळखू येत नाही, जो तिलाच ‘तू कोणाची गं?’ असे विचारतो, त्याची छायाचित्राला संमती कशी घ्यायची, हे आम्हाला कळत नाही, आणि म्हणून आम्ही छायाचित्रे काढतच नाही.

आपल्या माहितीत असे एखादे घर असेल तर तेही कळवावे. पुष्कळ घरे लोकलज्जेमुळे गप्प राहतात, तेव्हा आमच्याकडे येण्यापूर्वी त्या सांभाळणाऱ्या माणसाला विचारावे. तो ‘आत्ता नको’ म्हणाला तर आमचा निरोप त्याच्यापाशी ठेवून यावा आणि महिन्याभराने पुन्हा चौकशी करावी. वेळ, देणगी किंवा वस्तू देऊ इच्छिणाऱ्यांनी समितीच्या कोणत्याही सदस्याकडे नाव नोंदवावे आणि आपल्याला कोणता वार सोयीचा आहे, ते नावापुढे लिहावे.

आपली नम्र,
व्यवस्थापन समिती