दहा पदकं, मानधन शून्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडापानावर जगातल्या सर्वांत यशस्वी खेळाडूंविषयीचा लेख वाचला. प्रत्येक नावापुढे वर्षाच्या कमाईचा आकडा होता आणि क्रमही त्या आकड्यांनुसारच लावलेला होता. लेखकाने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण यश मोजायला एवढी एकच पट्टी धरली, तर मी नोकरीनिमित्त ज्या देशात राहतो तिथला एक थोर खेळाडू त्या यादीच्या आसपासही फिरकणार नाही. खेळण्याबद्दल त्याला पगार असा कधी मिळालाच नाही. मराठी वर्तमानपत्रात त्याच्याविषयी एक ओळही माझ्या वाचनात आलेली नाही, म्हणून हे पत्र.

त्याचं नाव हेन्री शेफ्लिन. आयर्लंडमधल्या किल्केनी काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, बॅलिहेल या छोट्या गावचा. खेळ हर्लिंग. एका संघात पंधरा जण, प्रत्येकाच्या हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला चपटी आणि रुंद अशी काठी. चेंडू कातडी, मुठीत मावेल एवढा. इंग्रजी एच अक्षरासारखे गोलचे खांब असतात. आडव्या दांडीवरून चेंडू गेला की एक पॉइंट, दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन पॉइंट. चेंडू जमिनीवर, हवेत, धावत्या खेळाडूच्या काठीवर तोललेला, कुठेही असू शकतो आणि सत्तर मिनिटं कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. मैदानही फुटबॉलच्या मैदानापेक्षा चांगलंच मोठं. प्रथमच पाहणाऱ्याला भीतीच वाटते. २०१० पर्यंत मोठ्या वयाच्या खेळाडूंना हेल्मेटची सक्तीही नव्हती.

या खेळाचा कारभार १८८४ साली टिपेररी काउंटीतल्या थर्ल्स गावी स्थापन झालेली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन पाहते. तिचा पाया आजही तोच आहे: खेळाडूला मानधन नाही आणि लिलाव तर नाहीच. तुम्ही ज्या गावच्या क्लबचे, त्या काउंटीसाठी तुम्ही खेळता. गॉलवेकडे पैसे आहेत म्हणून किल्केनीचा फॉरवर्ड गॉलवेला विकत घेता येत नाही. अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ब्याऐंशी हजार माणसं जमतात आणि सोमवारी त्यातलाच एखादा खेळाडू शाळेत शिकवायला किंवा शेतावर गुरं पाहायला परततो. शेफ्लिन बँकेत नोकरीला होता. त्याला किल्केनीच्या संघात पंधरा वर्षांहून अधिक काळ ज्यांनी खेळवलं, ते प्रशिक्षक ब्रायन कोडी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. सरावाची वेळ संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर.

शाळकरी वयात हा मुलगा कोणाच्या डोळ्यांत भरला नव्हता. किल्केनीच्या सेंट कीरन्स कॉलेजात तो शिकला. हर्लिंगसाठी या शाळेचं नाव देशात पहिल्या रांगेत घेतलं जातं, पण तिथे त्याच्याहून जास्त बोलबाला असलेली मुलं होती. नंतर तो वॉटरफर्डला शिकायला आला आणि तिथे खेळ फुलला. १९९९ मध्ये, विशीत, तो किल्केनीच्या मुख्य संघात आला आणि त्याच वर्षी ऑल-आयर्लंडचा, म्हणजे काउंट्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा, अंतिम सामना कॉर्ककडून एका पॉइंटने हरला. पुढच्या वर्षी ऑफलीला हरवून पहिलं पदक. मग २००२, २००३, आणि २००६ ते २००९ अशी सलग चार. नंतर २०११, २०१२, २०१४. मैदानावर उतरून दहा ऑल-आयर्लंड पदकं जिंकणारा तो पहिला खेळाडू. त्याच्याआधी कॉर्कचा क्रिस्टी रिंग आणि टिपेररीचा जॉन डॉयल यांची आठ-आठ पदकं म्हणजे कळस मानला जायचा. वर्षातल्या सर्वोत्तम हर्लरचा किताब शेफ्लिनने तीनदा घेतला: २००२, २००६ आणि २०१२. ७१ चॅम्पियनशिप सामन्यांत २७ गोल आणि ४८४ पॉइंट.

एवढं लिहिल्यावर मी पण आकड्यांचीच यादी दिली असं कोणी म्हणेल. ते खरं आहे, म्हणून आता त्या दोन पेनल्टींकडे येतो. माझ्या लेखी शेफ्लिन त्या दोन फटक्यांत दिसतो.

पहिली २००९ च्या अंतिम सामन्यातली. समोर टिपेररी. किल्केनीला सलग चौथं विजेतेपद हवं होतं आणि सामना हातातून निसटत होता. टिपेररीचा संघ तरुण होता, वेगवान होता आणि त्या दिवशी बराच वेळ त्याचाच खेळ सरस होता. शेवटच्या दहा मिनिटांच्या सुमाराला किल्केनीला पेनल्टी मिळाली. ती द्यायला हवी होती का, यावर टिपेररीत आजही वाद होतो. त्या काळी पेनल्टीच्या वेळी गोलरेषेवर एकटा गोलरक्षक नसे, तिघे उभे राहत. काठीने चेंडू उचलायचा आणि तिघांमधून मारायचा. शेफ्लिनने सरळ गोल मारला. लगेच किल्केनीचा दुसरा गोल झाला आणि सामना फिरला.

दुसरी २०१२ ची, गॉलवेविरुद्ध. त्याच मोसमात जुलैमध्ये लेन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात गॉलवेने किल्केनीला दहा पॉइंटने झोडपलं होतं. सप्टेंबरच्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्यातही मध्यंतराला गॉलवे पाचने पुढे. दुसऱ्या अर्धात शेफ्लिन सेंटर फॉरवर्डच्या जागेवर येऊन उभा राहिला आणि एकेक चेंडू ओढून आणू लागला. एकट्याने बारा पॉइंट केले. सामना संपायला दोन-तीन मिनिटं, दोन्ही संघ बरोबरीत, आणि किल्केनीला पेनल्टी. गोल केला तर कप जवळपास हातात. सगळं स्टेडियम गोलची वाट पाहत होतं. त्याने चेंडू दांडीवरून मारला आणि एक पॉइंट घेतला.

यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली, आणि ती वाढली याचं कारण असं, की गॉलवेच्या जो कॅनिंगने भरपाई वेळेत फ्री, म्हणजे फाउलबद्दल मिळालेला मोकळा फटका, मारून बरोबरी साधली. सामना किल्केनी ०-१९, गॉलवे २-१३ असा (आधी गोल, मग पॉइंट) बरोबरीत सुटला आणि सगळं पुन्हा खेळावं लागलं. माझं ठाम मत आहे की शेफ्लिनचा निर्णय बरोबर होता, कॅनिंगने बरोबरी केली तरीही. बराच वेळ मागे असलेला संघ पुढे जाऊ शकत होता. रेषेवरच्या तिघांनी चेंडू अडवला असता तर गॉलवेच्या अंगात दुप्पट बळ आलं असतं. २००९ मध्ये ज्याने गोल मारायचं धाडस दाखवलं, त्याच माणसाने तीन वर्षांनी धाडस आवरलं. दोन्ही वेळा त्याने त्या क्षणी संघाला काय हवं ते पाहिलं. फेरसामना किल्केनीने अकरा पॉइंटने जिंकला आणि शेफ्लिनचं नववं पदक आलं.

मात्र त्याचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. २००७ च्या अंतिम सामन्यात त्याच्या गुडघ्याचं क्रुशिएट लिगामेंट फाटलं होतं. २०१० च्या ऑगस्टमध्ये, उपांत्य सामन्यात, पुन्हा तीच दुखापत. अंतिम सामना चार आठवड्यांवर. किल्केनीला सलग पाचवं विजेतेपद मिळवायचं होतं आणि आजवर कोणत्याच काउंटीला हर्लिंगमध्ये ते जमलेलं नव्हतं. या दुखापतीला एरवी शस्त्रक्रिया आणि कित्येक महिन्यांची विश्रांती लागते. शेफ्लिनने लिमरिकचे प्रसिद्ध फिजिओथेरपिस्ट जेर हार्टमन यांच्याकडे दिवसचे दिवस घालवले आणि शस्त्रक्रियेशिवाय उभं राहायचं ठरवलं. तो खरंच धावतोय का, हे पाहायला किल्केनीच्या नोलन पार्कमध्ये सरावाला हजारो माणसं आली. अंतिम सामन्यात तो उतरला आणि पाव तासाच्या आत त्याला बाहेर यावं लागलं. टिपेररीने सामना जिंकला, पाचवं विजेतेपद गेलं.

त्याला उतरवणं ही चूक होती असं मला वाटतं. कोडींचीही आणि त्याचीही. एका माणसाच्या गुडघ्यावर साऱ्या काउंटीची आशा टांगली गेली आणि तो बाहेर पडताच संघाचा धीर खचल्यासारखा दिसला. पण हाच माणूस एकतिसाव्या वर्षी, शस्त्रक्रिया करून, नोकरी सांभाळून पुन्हा उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी त्याच टिपेररीला हरवणाऱ्या संघात होता. कोणत्याही कराराने त्याला परत यायला बांधलेलं नव्हतं, की एखाद्या मोठ्या रकमेवर पाणी सोडावं लागणार होतं असंही नाही.

मी राहतो ते वॉटरफर्ड शहर किल्केनीच्या सीमेला लागून आहे. बॅलिहेल इथून गाडीने जवळ. २००८ च्या अंतिम सामन्यात वॉटरफर्ड पंचेचाळीस वर्षांनी पोचलं होतं आणि किल्केनीने तेवीस पॉइंटने चिरडलं. ती जखम इथे अजून ओली आहे. तरीही माझ्या वयाच्या कोणाही वॉटरफर्डकराशी शेफ्लिनचा विषय काढा, आवाजात आदर येतो.

त्याच्या कारकिर्दीचा शेवट मला फार आवडतो. १७ मार्च २०१५ रोजी, सेंट पॅट्रिक डेला, तो आपल्या गावच्या बॅलिहेल शॅमरॉक्सकडून ऑल-आयर्लंड क्लब स्पर्धेचा अंतिम सामना खेळला. क्लबसाठीचं ते त्याचं तिसरं राष्ट्रीय विजेतेपद. आठ दिवसांनी त्याने काउंटीच्या संघातून निवृत्ती जाहीर केली. पुढे त्याच क्लबचा प्रशिक्षक होऊन २०१९ आणि २०२० असे लागोपाठ दोन राष्ट्रीय कप गावात आणले. गॉलवेचा प्रशिक्षक म्हणून मात्र त्याला यश आलं नाही. तीन मोसमांनंतर २०२४ मध्ये त्याने ते पद सोडलं.

इथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंही आता गावच्या क्लबात जातात. माझी मुलगी कॅमोगी, म्हणजे बायकांचं हर्लिंग, शिकते आहे. तिचे प्रशिक्षक दिवसा सुतारकाम करतात आणि शिकवण्याचा एक पैसाही घेत नाहीत. आपल्याकडे कबड्डी-खो-खोच्या मंडळांत वर्षानुवर्षं हेच करणारी माणसं आहेत. त्यांच्यातल्या किती जणांची कारकीर्द वर्तमानपत्रात सविस्तर छापून आली, हे आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी एकदा पाहावं.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. ऑल-आयर्लंड हर्लिंगचा अंतिम सामना आता जुलैत होतो. त्या आठवड्यात क्रीडापानावर चार कॉलम नाही तरी दोन कॉलम त्याला द्यावेत. आणि यशस्वी खेळाडूंची पुढची यादी कराल तेव्हा कमाईचा रकाना नसलेलीही एक करावी. तिच्यासाठी हर्लिंगचे नियम आणि सामन्यांची माहिती मराठीत लिहून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक
वॉटरफर्ड, आयर्लंड